केंद्रकाच्या दारातली ये-जा: फरशीवरच्या खडूपासून एमएस्सीच्या प्रकल्पापर्यंत

पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीच्या केंद्रकाच्या रंध्रांबद्दल जेमतेम एक-दोन वाक्यं आहेत. केंद्रकाभोवती दोन पडदे, त्यांच्यामध्ये १० ते ५० नॅनोमीटर जागा, आणि पडद्यांतल्या रंध्रांमधून आरएनए व प्रथिनांची दोन्ही दिशांनी ये-जा. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. अडचण पुढे येते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, येळ्ळूर, उचगाव, निपाणी या बाजूची कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, पीयूसीला एकदम इंग्रजीत उडी मारतात, आणि बीएस्सी करून भूतरामनहट्टीला विद्यापीठात पोचेपर्यंत त्या एका वाक्याच्या जागी इंपॉर्टिन, एक्स्पोर्टिन, रॅन, कॅस अशी नावांची माळ उभी राहते. माळ पाठ होते, यंत्रणा मात्र हाती लागत नाही.

हा लेख त्या मुलांसाठी आहे आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही. पहिल्या पायऱ्यांना लागतात खडू, मूठभर तांदूळ, लाल-पिवळी कार्डं, कांदा, कॉलेजातला सूक्ष्मदर्शक आणि एक मोबाइल. शेवटचा भाग प्रयोगशाळेत प्रकल्प करणाऱ्यांचा आहे. पीयूसीवाल्यांनी तो सोडला तरी बिघडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. रंध्राला आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे कळत नाही. माल कुठल्या दिशेने जायचा, हे ठरतं रॅन नावाच्या एका लहान प्रथिनाचं कुठलं रूप कुठल्या बाजूला आहे त्यावरून. आपल्याकडे वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याची उपमा देतंच: कागद दाखवला की गाडी सोडली. अर्ध्यापर्यंत ती चालते, खरं पुढे घोळ करते. नाक्यावरचा माणूस गाडी कोल्हापूरकडून आली की बेळगावकडून, हे बघतो. रंध्रात असा कोणी बसलेला नाही. कागदही दारात तपासला जात नाही, तो पेशीद्रव्यातच वाहक प्रथिनाने वाचलेला असतो. म्हणून ही उपमा इथेच सोडून देऊ.

पायरी पहिली: मापं फरशीवर उतरवा

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी मापांचा अंदाज आला पाहिजे. १ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटर असं प्रमाण धरा. माणसाच्या पेशीतलं साधारण १० मायक्रोमीटर व्यासाचं केंद्रक या प्रमाणात १० मीटरचं होतं, म्हणजे कॉलेजच्या तिमजली इमारतीच्या उंचीचा गोल. तो काढायची गरज नाही. व्हरांड्यात खडूने फक्त १ मीटर बाजूचा चौकोन आखा. हा झाला केंद्रकाच्या पृष्ठभागाचा १ चौरस मायक्रोमीटर तुकडा.

आता त्यात रंध्रं किती? सस्तन प्राण्याच्या पेशीत ती साधारण २००० ते ५००० असतात. आपण ३००० धरू. १० मायक्रोमीटर व्यासाच्या गोलाचं पृष्ठफळ सुमारे ३१४ चौरस मायक्रोमीटर. म्हणजे चौकोनात अंदाजे १० रंध्रं. प्रत्येकाचा बाहेरचा व्यास सुमारे १२० नॅनोमीटर, म्हणून १२ सेंटिमीटरची दहा वर्तुळं काढा. चौकोनाचा साधारण नववा भाग व्यापला जातो, हे मुलांना स्वतः मोजू द्या. पुस्तकातल्या आकृतीत दोन-चार भोकं दाखवतात, त्यामुळे केंद्रक म्हणजे जवळपास बंद डबा असा समज होतो. फरशीवरचा चौकोन तो समज पुसतो.

प्रत्येक वर्तुळाच्या मध्यात ४ सेंटिमीटरचं आणखी एक वर्तुळ काढा. वाहकासोबत जाणारा माल जास्तीत जास्त साधारण एवढ्या रुंदीचा असू शकतो. २००२ साली सोन्याचे सूक्ष्म कण वापरून केलेल्या प्रयोगात ही मर्यादा ३९ नॅनोमीटरच्या आसपास निघाली. (एचआयव्हीचं कवच याहून रुंद असूनही अख्खं आत शिरताना अलीकडे दिसलं आहे. म्हणजे रंध्र थोडं ताणलं जातं. परीक्षेत हे लिहू नका, वर्गात जरूर सांगा.)

आता त्या वर्तुळात मोजून वस्तू ठेवा. तांदळाचा एक आखूड दाणा म्हणजे हिरवं चमकणारं जीएफपी हे प्रथिन, साधारण ४ बाय अडीच नॅनोमीटर. १ सेंटिमीटरचा मणी म्हणजे इंपॉर्टिन, माल आत नेणारं वाहक प्रथिन. अडीच सेंटिमीटरचा कागदी गोळा म्हणजे रायबोसोमचा मोठा उपघटक. तिन्ही वस्तू मधल्या वर्तुळात मावतात, आणि प्रश्न इथूनच सुरू होतो. सगळंच मावत असेल तर निवड होते कशी?

मधलं वर्तुळ मोकळं नसतं, म्हणून. रंध्र बनतं साधारण ३० प्रकारच्या प्रथिनांचं. आठ सारख्या आऱ्यांची रचना असल्याने प्रत्येक प्रकार अनेक प्रतींत येतो आणि माणसाच्या एका रंध्रात एकूण सुमारे १००० प्रथिनरेणू भरतात. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश प्रकारांना लांब, सैल शेपट्या असतात आणि त्यांवर फेनिलअॅलॅनीन-ग्लायसीन ही जोडी पुन्हा पुन्हा येते. या शेपट्या मार्गात दाटीने पसरलेल्या असतात. वर्तुळात लोकरीचा सैल गुंता ठेवा, म्हणजे चित्र पुरं होईल.

पायरी दुसरी: केंद्रक डोळ्यांनी बघा

कांद्याची पातळ साल, मिथिलीन ब्लूचा थेंब, काचपट्टी. हे सगळ्यांनी केलेलं असतं, त्यामुळे लांबवत नाही. फक्त बघताना मुलांना विचारा: रंध्रं दिसतात का? नाहीत, आणि कितीही चांगलं भिंग लावलं तरी दिसणार नाहीत. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणूनच रंध्रं पहिल्यांदा दिसली १९५० साली, उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींच्या केंद्रकाचा पडदा कॅलन आणि टॉमलिन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा.

कांद्यापेक्षा जास्त शिकवणारी एक पट्टी गल्लीतल्या चिकनच्या दुकानातून मिळते. कोंबडीच्या रक्ताचा ताजा थेंब घ्या, हातमोजे घालून काचेवर पातळ पसरा, वाळवा आणि लिशमन रंग द्या. आपल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं. कोंबडीच्या पेशींना असतं, खरं ते गच्च आवळलेलं, गडद आणि जवळजवळ बंद पडलेलं. १९६० च्या दशकात हेन्री हॅरिस यांनी अशी पेशी माणसाच्या वाढत्या पेशीशी एकजीव केली. माणसाच्या पेशीद्रव्यातली प्रथिनं कोंबडीच्या केंद्रकात शिरली, ते फुगलं, आणि झोपलेलं केंद्रक पुन्हा आरएनए तयार करू लागलं. काचेखालच्या त्या गडद ठिपक्याकडे बघत ही हकीगत सांगा. केंद्रक हुकूम सोडतं आणि बाकी पेशी ऐकते, हा मुलांच्या डोक्यातला एकेरी समज तिथेच ढिला होतो.

बाहेर पडणाऱ्या आरएनएची खूण बघायची असेल आणि कपाटात मिथिल ग्रीन-पायरोनिनची बाटली असेल, तर कांद्याच्या कोवळ्या मुळाच्या टोकावर ती वापरा. डीएनए हिरवट-निळा आणि आरएनए गुलाबी-लाल दिसतो. केंद्रकातली केंद्रिका आणि भोवतालचं पेशीद्रव्य दोन्ही लालसर येतात. मुळं मऊ करायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याची सवय इथे मोडावी लागते, कारण आम्लाने आरएनए आधीच धुऊन जातो. रंगलेला लाल भाग खरंच आरएनएचा आहे का, हे तपासायचं असेल तर दुसरी पट्टी रंग देण्याआधी आरएनए तोडणाऱ्या विकरात ठेवायची. लाल नाहीसा झाला पाहिजे. ब्राशे यांनी १९४० च्या दशकात नेमकी हीच पडताळणी केली होती.

पायरी तिसरी: चाळणीचा प्रयोग, आणि तो कुठे थांबवायचा

डायलिसिसच्या नळीत पिठाची पातळ कांजी भरून ती आयोडीनच्या द्रावणात बुडवा. थोड्या वेळाने नळीतलं पाणी निळं होतं, बाहेरचं होत नाही. लहान रेणू आत गेला, मोठा बाहेर आला नाही. रंध्रातूनही आयन, एटीपी, न्यूक्लिओटाइड असे लहान रेणू असेच आपोआप सरकतात. प्रथिनांमध्ये सुमारे ४० किलोडाल्टनपर्यंतची (किलोडाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मंदपणे झिरपतात. ही हद्द रेघ मारल्यासारखी नसते, आकार वाढेल तसा वेग उतरत जातो.

प्रयोग इथे थांबवा आणि चाळणीचं चित्र मोडा. गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन सुमारे ६६ किलोडाल्टनचं; ते एकटं केंद्रकाबाहेर पडून राहतं. इंपॉर्टिन-बीटा त्याहून मोठं, ९७ किलोडाल्टनचं. ते काही मिलिसेकंदांत पार होतं. मोठ्याला लहानापेक्षा लवकर सोडणारी चाळणी जगात नाही. इंपॉर्टिनच्या पाठीवरचे खळगे त्या शेपट्यांवरच्या फेनिलअॅलॅनीनला हलकेच धरतात आणि लगेच सोडतात, म्हणून ते गुंत्यात विरघळल्यासारखं पुढे सरकतं. अल्ब्युमिनला हे जमत नाही. आणि या सरकण्याला ऊर्जा लागत नाही. हे वाक्य वहीत अधोरेखित करा. ऊर्जा लागते, पण दुसऱ्या ठिकाणी.

पायरी चौथी: मोबाइलवर पत्ता शोधा

वाहक मालाला ओळखतो तो प्रथिनाच्या साखळीतल्या एका छोट्या तुकड्यावरून. हा तुकडा प्रत्यक्ष बघता येतो. युनिप्रॉट हा प्रथिनांचा मोफत संग्रह मोबाइलवर उघडा, इंग्रजी पी हे अक्षर आणि त्याला लागून ०३०७० टाका. एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूचं लार्ज-टी प्रथिन समोर येईल, ७०८ अमिनो आम्लांचं. साखळीत १२६ ते १३२ क्रमांक शोधा: प्रोलीन, लायसीन, लायसीन, लायसीन, आर्जिनीन, लायसीन, व्हॅलीन. सातांपैकी पाच धनभारित. हाच केंद्रकात नेणारा पत्ता.

१९८४ मध्ये १२८ व्या जागचं एकच लायसीन बदललं, तर अख्खं प्रथिन पेशीद्रव्यात अडकून पडलं. उलट, हा तुकडा दुसऱ्याच एखाद्या बाहेरच्या प्रथिनाला चिकटवला की तेही आत जातं. दोन्ही प्रयोग मिळून पुरावा पक्का होतो: पत्ता काढला तर जात नाही, पत्ता लावला तर जातं. पहिल्याने गरज सिद्ध होते, दुसऱ्याने पुरेसेपणा. कुठल्याही प्रकल्पात या दोन बाजू हव्यातच, एकीवर भागत नाही.

सगळे पत्ते असे एका ठिगळात नसतात. न्यूक्लिओप्लाझ्मिन या बेडकाच्या अंडपेशीतल्या प्रथिनात धनभारित अमिनो आम्लांचे दोन गट असतात आणि मध्ये साधारण दहा अमिनो आम्लांचं अंतर. बाहेर नेणारा पत्ता वेगळा: त्यात ल्युसीन किंवा त्याच्यासारखी पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्लं ठराविक अंतराने येतात. एचआयव्हीच्या रेव्ह प्रथिनातला असा पत्ता १९९५ साली ओळखला गेला. काही प्रथिनांवर दोन्ही पत्ते असतात आणि ती दिवसभर आत-बाहेर करत राहतात.

मुलं इथे हमखास एक प्रश्न विचारतात: आत गेल्यावर पत्ता कापून टाकतात का? पेशीतून बाहेर स्रवणाऱ्या बऱ्याच प्रथिनांचा सुरुवातीचा तुकडा कापला जातो, म्हणून ही शंका रास्तच आहे. केंद्रकाचा पत्ता मात्र तसाच राहतो. आपल्या पेशी विभागतात तेव्हा केंद्रकाचा पडदा विरघळतो, आतलं सगळं पेशीद्रव्यात मिसळतं, आणि नवे पडदे झाल्यावर तीच प्रथिनं पुन्हा आत घ्यावी लागतात.

पायरी पाचवी: लाल कार्ड, पिवळं कार्ड

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. एका तासिकेत होते, पंधरा मुलं पुरतात. फरशीवर मोठं वर्तुळ काढा, त्यात तीन दारं ठेवा. आत केंद्रक, बाहेर पेशीद्रव्य. भूमिका अशा वाटा.

चार मुलं माल: दोघांच्या छातीवर 'आत'ची चिठ्ठी, दोघांच्या छातीवर 'बाहेर'ची. सुरुवातीला 'आत'वाली बाहेर उभी, 'बाहेर'वाली आत उभी. दोन इंपॉर्टिन, दोन एक्स्पोर्टिन (माल बाहेर नेणारे वाहक). चार मुलं रॅन. रॅनच्या हातात लाल कार्ड असेल तर तो जीटीपी (एटीपीसारखा ऊर्जा देणारा लहान रेणू) धरून आहे, पिवळं असेल तर जीडीपी, म्हणजे जीटीपी तुटून उरलेलं रूप. एक मूल आरसीसी-१: हे गुणसूत्रांना चिकटलेलं असतं, म्हणून ते वर्तुळाच्या मध्यात बसून राहील आणि समोर येणाऱ्या रॅनचं पिवळं कार्ड काढून लाल देईल. एक मूल रॅनगॅप: हे कायम बाहेर, आणि ते लालचं पिवळं करील. शेवटचं एक मूल एनटीएफ-२, ज्याचं काम एवढंच की बाहेरच्या पिवळ्या रॅनला धरून आत आणून सोडायचं.

नियम नीट वाचून दाखवा, कारण खेळ नियमांवरच उभा आहे. माल आणि रॅन एकटे दारातून जाऊ शकत नाहीत. (खरा रॅन जेमतेम २५ किलोडाल्टनचा, थोडा झिरपतो, खेळापुरतं ते विसरा.) इंपॉर्टिन आणि एक्स्पोर्टिन रिकामे असोत की भरलेले, कुठल्याही दारातून कुठल्याही दिशेने जाऊ शकतात. इंपॉर्टिन 'आत'ची चिठ्ठी असलेला माल धरतं, पण लाल रॅन भेटला की माल सोडून रॅनला धरतं. एक्स्पोर्टिनचं नेमकं उलटं: 'बाहेर'चा माल आणि लाल रॅन दोघे एकदम मिळाले तरच धरतं. धरलेल्या रॅनचं कार्ड पिवळं झालं की इंपॉर्टिन असो वा एक्स्पोर्टिन, पकड सुटते. पिवळ्या रॅनला फक्त एनटीएफ-२ धरतं.

आता शिट्टी वाजवा आणि मुलांना वाहक म्हणून मुद्दाम आंधळेपणाने फिरू द्या. कोणाला 'आत जा' असं सांगायचं नाही. थोड्याच वेळात 'आत'चा माल आत जमतो, 'बाहेर'चा बाहेर. वाहकांना दिशा माहीत नव्हती, दारांनाही नव्हती. एकदा एका मुलाने वैतागून विचारलं, "सर, मग रंध्र करतंय तरी काय ओ?" प्रश्न अगदी नेमका आहे. रंध्र फक्त वाहकांना वाट देतं आणि इतरांना अडवतं. माल एका बाजूला साचतो, कारण लाल कार्ड देणारा आत बसला आहे आणि काढून घेणारा बाहेर.

खेळ इथे थांबवला तर निम्मा फायदा गेला. आता तो बिघडवा. आधी रॅनगॅपला बसवा: सगळे रॅन लाल होऊन वाहकांना चिकटून राहतात आणि वाहतूक ठप्प होते. मग रॅनगॅपला परत घ्या आणि एनटीएफ-२ ला बसवा: पिवळे रॅन बाहेर साचतात, आत लाल करायला कोणी उरत नाही. मग आरसीसी-१ ला बसवा. हे निसर्गातही बघायला मिळतं: हॅमस्टरच्या पेशींचा एक वाण आहे, ज्यातलं आरसीसी-१ तापमान वाढवलं की बिघडतं आणि केंद्रकातली आयात कोलमडते.

सगळ्यात शेवटी आरसीसी-१ ला बाहेर आणि रॅनगॅपला आत बसवा, आणि खेळ पहिल्यापासून सुरू करा, फक्त या वेळी 'आत'ची चिठ्ठी असलेला माल आत उभा करून. तो बाहेर येऊन साचू लागतो. चिठ्ठी तीच, दारं तीच, वाहक तेच. ही निव्वळ कल्पना नाही: नाखुरी आणि वाइस यांनी १९९९ मध्ये पेशीद्रव्याच्या बाजूला रॅन-जीटीपी वाढवलं आणि रंध्रातून होणारी वाहतूक उलटी फिरवून दाखवली. पुस्तकातल्या 'सक्रिय वहन' या दोन शब्दांमागे ही गोष्ट आहे. ऊर्जा खर्च होते ती रॅनगॅप लाल कार्डाचं पिवळं करतो तिथे, जीटीपी तुटताना.

बीएस्सीच्या वर्गात खेळ एका पायरीने वाढवा. इंपॉर्टिनची दोन मुलं करा: अल्फा पत्ता वाचतो, बीटा अल्फाला धरतो आणि दारातून नेतो. आत माल सुटल्यावर अल्फाला एकट्याने परत जाता येत नाही. त्याला कॅस नावाचा स्वतःचा एक्स्पोर्टिन लागतो, आणि कॅसलाही लाल रॅन लागतो. म्हणजे या मार्गाने मालाची एक खेप आत आली की दोन लाल रॅन बाहेर जातात, दोन जीटीपी खर्ची पडतात. हा हिशेब एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांना उपयोगी पडतो.

पायरी सहावी: आरएनएची वाट निराळी

पाचवी पायरी नीट झाली की मुलं एक चूक आत्मविश्वासाने करतात: सगळा आरएनए एक्स्पोर्टिन आणि रॅनवरच बाहेर जातो, असं लिहितात. लहान आरएनएच्या बाबतीत ते बरोबर आहे. टीआरएनएला एक्स्पोर्टिन-टी नेतं, मायक्रो-आरएनएच्या अपूर्ण रूपाला एक्स्पोर्टिन-५, आणि दोघांनाही रॅन-जीटीपी लागतं. संदेशवाहक आरएनए मात्र बहुतांशी या मार्गाने जात नाही.

त्याचं असं होतं. केंद्रकात बनता बनता त्याला टोपी बसते, इंट्रॉन (मधले नको असलेले तुकडे) कापले जातात, शेपटी लागते, आणि या प्रत्येक कामाबरोबर काही प्रथिनं त्याच्यावर चढतात. काम पुरं झाल्याची खूण म्हणजे ही प्रथिनं. ती एनएक्सएफ-१ आणि एनएक्सटी-१ या जोडीला बोलावतात, आणि ही जोडी त्याच फेनिलअॅलॅनीनच्या गुंत्यातून आरएनएला घेऊन सरकते. पेशीद्रव्याच्या तोंडाशी डीडीएक्स-१९ नावाचं विकर बसलेलं असतं. ते एटीपी खर्चून जोडीला आरएनएवरून सोलून काढतं. जोडी निघाली की आरएनएला मागे वळता येत नाही. दिशा इथेही रंध्राने ठरवलेली नाही. बाहेरच्या बाजूला बसलेल्या विकराने ठरवली. रॅनच्या जागी दुसरी यंत्रणा आली, तत्त्व तेच राहिलं.

रायबोसोमचा प्रवास वर्गात सांगायला मजा येते. त्याची प्रथिनं पेशीद्रव्यात तयार होतात, आत जातात, केंद्रिकेत आरएनएशी जोडली जातात, आणि उपघटक म्हणून पुन्हा बाहेर येतात. एकाच प्रथिनाच्या आयुष्यात रंध्राच्या दोन फेऱ्या. केंद्रकातला आरएनए खरोखर बाहेर येतो, याचा थेट पुरावा १९५५ चा: गोल्डस्टीन आणि प्लाउट यांनी अमीबाच्या आरएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण करून ते केंद्रक खूण नसलेल्या अमीबात बसवलं, आणि खूण पेशीद्रव्यात उतरलेली पाहिली.

पायरी सातवी: गर्दीचा हिशेब

फळ्यावर एक गणित मांडा. माणसाच्या पेशीत सुमारे ६४० कोटी बेसजोड्या. दर २०० बेसजोड्यांमागे एक न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळायची हिस्टोन प्रथिनांची रीळ) धरला तर ३.२ कोटी न्यूक्लिओसोम. प्रत्येकात ८ हिस्टोन, म्हणजे डीएनएची दुसरी प्रत गुंडाळायला २५.६ कोटी हिस्टोन आत आणायचे. प्रत बनवायला ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं. मिनिटाला सुमारे ५.३ लाख हिस्टोन. ३००० रंध्रांत वाटले तर दर रंध्रामागे मिनिटाला साधारण १७८, सेकंदाला तीन. आणि हे फक्त हिस्टोन.

आकडा मोठा वाटतो. पण मोजमापांनुसार एक रंध्र सेकंदाला १००० च्या आसपास फेऱ्या पेलू शकतं. हे हिस्टोन साधारण ११ ते १५ किलोडाल्टनचे, आकाराने झिरपू शकतील असे, तरी पेशी त्यांना वाहकांनीच नेते. का, हे मुलांना विचारा. झिरपण्याचा वेग मंद, आणि झिरपणारा रेणू दोन्हीकडे सारखाच पसरतो. एका बाजूला साठवायचं असेल तर वाहक लागतोच. शिवाय धनभारित हिस्टोन पेशीद्रव्यात उघडे फिरले तर भलत्याच आरएनएला चिकटतील.

प्रयोगशाळेत प्रकल्प करणार असाल तर

एमएस्सीला एखाद्या वनस्पतीचं प्रथिन केंद्रकात जातं का, हा प्रकल्प आपल्याकडे वारंवार निवडला जातो, आणि निपाणीच्या पोरांना त्यात हसू येतं, कारण प्रयोगाचं रोप तंबाखूच्याच कुळातलं. शेतातली बिडीची तंबाखू नव्हे, तिची ऑस्ट्रेलियातली भावंड निकोटियाना बेंथामियाना. अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूत आपल्या प्रथिनाला जीएफपी जोडलेलं जनुक भरतात, सुई नसलेल्या सिरिंजने पानाच्या मागून द्रावण दाबतात, आणि दोन-तीन दिवसांनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गंमत अशी की हा जिवाणू आपला डीएनए रोपाच्या केंद्रकात पोचवतो, तोही त्याच्या व्हिर-डी-२ या प्रथिनावर केंद्रकाचा पत्ता आहे म्हणून. हे काम जनुकीय बदलाचं आहे. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीशिवाय करायचं नसतं, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तर मुळीच नाही.

आधी संगणकावर पत्ता शोधा. सीएनएलएस मॅपर आणि आत-बाहेरच्या पत्त्यांचा अंदाज देणारी अशी इतर साधनं मोफत आहेत. त्यांचा निकाल हा अंदाज समजा. धनभारित अमिनो आम्लांचा पुंजका डीएनए धरणाऱ्या भागातही येतो, आणि साधन त्याला पत्ता म्हणून टाकतं.

नियंत्रण म्हणून नुसतं जीएफपी लावाच. ते २७ किलोडाल्टनचं, झिरपतं, आणि केंद्रक व पेशीद्रव्य दोन्हीकडे दिसतं. कितीतरी प्रबंधांत हिरवं केंद्रक दाखवून 'प्रथिन केंद्रकात जातं' असा निष्कर्ष काढलेला असतो, आणि जोडलेलं प्रथिन इतकं लहान असतं की सगळी रचना मिळून ४० किलोडाल्टनच्या घरात बसते. तिथे दोन जीएफपी एकापुढे एक जोडून रचना मोठी करा, म्हणजे झिरपण्याची शंका मिटते. मग पत्त्यातलं लायसीन बदललेली रचना शेजारच्या पानात.

प्रथिन पेशीद्रव्यातच दिसलं तरी घाई नको. सतत आत-बाहेर करणारं, पण लवकर बाहेर काढलं जाणारं प्रथिन छायाचित्रात बाहेरचंच वाटतं. सस्तन पेशींत यासाठी लेप्टोमायसिन-बी वापरतात. ते सीआरएम-१ या मुख्य एक्स्पोर्टिनच्या ५२८ व्या सिस्टीनला कायमचं चिकटतं आणि तो दरवाजा बंद करतं. औषध दिल्यावर प्रथिन केंद्रकात साचलं, तर ते फिरतं प्रथिन होतं. (याच एक्स्पोर्टिनला अडवणारं सेलिनेक्सॉर हे औषध २०१९ पासून अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर मंजूर आहे.)

पेशी फोडून केंद्रक आणि पेशीद्रव्य वेगळं करायचं असेल, तर सौम्य डिटर्जंटने पेशीचा बाहेरचा पडदा फोडून मंद वेगाने केंद्रकं तळाला बसवतात. दोन्ही भागांत हिस्टोन एच-३ आणि ट्यूब्युलिन तपासा: पहिलं फक्त केंद्रकाच्या भागात यायला हवं, दुसरं फक्त पेशीद्रव्याच्या. इथे एक सापळा आहे. केंद्रकातली लहान, सैल प्रथिनं या धुण्यात रंध्रांतूनच बाहेर गळतात आणि पेशीद्रव्याच्या नळीत सापडतात. म्हणून छायाचित्र आणि नळी यांचं जुळलं नाही, तर आधी नळीवर संशय घ्या.

शेवटी छायाचित्रांतून आकडा काढा. फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केंद्रकावर आणि पेशीद्रव्यावर चौकट ठेवून सरासरी चकाकी मोजता येते, आणि दोहोंचं गुणोत्तर हा तुमचा निकाल. पेशी निवडणाऱ्याला कुठली रचना कुठल्या पानात आहे हे माहीत नसलेलं बरं. मित्राकडून फाइलींची नावं बदलून घ्या. पानाच्या पेशीत मधली पोकळी इतकी मोठी असते की पेशीद्रव्य कडेला पातळ रेघेसारखं उरतं, आणि चौकट थोडी मोठी झाली तरी पोकळीतला अंधार मोजला जाऊन केंद्रक उगाच जास्त उजळ ठरतं. उलट, पार्श्वभूमीची चकाकी वजा केली नाही तर गुणोत्तर १ या आकड्याकडे ओढलं जातं. म्हणून केंद्रकाला हात लावण्याआधी रिकाम्या जागेवरची चौकट मोजा, आणि तो आकडा दोन्हींतून वजा करा.